डोळे मिटून, काही न करता

मला आधी वास यायचा. गूळ करपल्याचा. माझ्यासारखं काही ज्यांना होतं आणि त्याला आजार म्हणतात हे ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी मी लिहायला बसले आहे. म्हणून सुरुवात वासापासूनच करते.

आमचं गाव आष्ट्याच्या पलीकडे, चहूबाजूंनी ऊस. दिवाळी झाली की गुऱ्हाळं लागतात आणि वारं फिरेल तसा काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसाचा वास घरात येतो. जाळ जास्त झाला की करपटही येतो. त्यामुळे मला वास आला की मी म्हणायची, "आज कुणाची तरी काहील लागली वाटतं." सासूबाई नाक वर करून हुंगायच्या आणि पुन्हा भाकरीकडे वळायच्या. दुसऱ्या कुठल्या मुलखातली बाई असती तर पहिल्याच दिवशी दचकली असती. मी मात्र दोन हंगाम आनंदात काढले. मग एकदा भर उन्हाळ्यात, गुऱ्हाळं कधीच थंड झालेली असताना, शाळेत फळ्यावर हातच्याची बेरीज लिहिता लिहिता तोच वास आला आणि मी दचकले.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिसरीचा वर्ग माझ्याकडे. वासानंतर काय होतं ते मला स्वतःला कधीच कळलं नाही, जे कळलं ते दुसऱ्यांकडून. मी उभ्या जागी थांबायची. डोळे उघडे, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे, आणि उजवा हात पदराशी चाळा करत राहायचा. थोड्या वेळाने मी परत यायची, तेव्हा इतका थकवा असायचा की खुर्ची धरून बसावं लागे. पोरांना वाटायचं बाई गणिताचा विचार करतायत. एका चिमुरडीने मात्र विचारलं, "बाई, तुमी मगाशी कुठं गेलता?"

मी पडत नव्हते, तोंडाला फेस येत नव्हता. आमच्याकडे फेफरं म्हणतात ते तसं असतं. त्यामुळे हे फेफरं नव्हे हे सगळ्यांनी ठरवलं होतं, मीसुद्धा.

*

आमचे हे फौजेत, तेव्हा पार ईशान्येकडे. घरी सासूबाई, मी, आमची प्रज्ञा आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. तेही फौजेतलेच, हवालदार होऊन घरी आलेले. पहाटे उठून दाढी करणारा, इस्त्रीशिवाय सदरा न घालणारा माणूस. मी नोकरी करते याचा त्यांना अभिमान होता आणि पगारवाढ झाली की ते विहारात सगळ्यांना पेढे वाटायचे.

एका रविवारी मी प्रज्ञाला न्हाऊ घालत होते. ती नुकती नीट बोलायला लागली होती. चुलीवरचा हंडा उतरवून न्हाणीत ठेवला होता, शेजारी गार पाण्याची घागर. वास आला एवढं आठवतं. त्यानंतर आठवते ती प्रज्ञाची किंकाळी आणि माझ्या मनगटावरची सासूबाईंची पकड. गार पाण्याचं विसण न घालताच मी कढत पाण्याचा तांब्या तिच्या मांडीवर ओतला होता. सासूबाई नंतर म्हणाल्या, "तुजं त्वांड कसं, काय झालंच न्हाई असं हुतं गं." त्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली होती.

फोड आले आणि भरूनही आले. पण मामांनी प्रज्ञाचे कपडे पिशवीत भरले. वन्सं, म्हणजे माझी नणंद, साताऱ्याला असतात, त्यांना दोन मुलं आहेत. तिकडे ते तिला घेऊन निघाले.

"मामा, मी मुद्दाम नाही हो केलं," मी म्हणाले.

"मुद्दाम कोण म्हणतंय? पर ध्यान कुठं हुतं तुजं? सेंट्रीनं डोळा लावला तर पलटण जाती, पोरी." मग पिशवीची गाठ मारत म्हणाले, "तुला काय झालंय ते एकदा नीट कळू दे. आजार आसंल तर आजार म्हणू. मग आणतो लेकरू. तवर सातारला ऱ्हाऊ दे."

मी आडवी आले नाही. मलाही माझीच भीती वाटत होती. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच काम होतं, मला काय झालंय ते शोधायचं आणि प्रज्ञाला घरी आणायचं.

*

घरात मला कुणी टाकून बोललं नाही. ताट वेळेवर मिळायचं. मी चुलीपाशी गेले की सासूबाई हळूच म्हणायच्या, "सरक, मी बघती." विहिरीवर जायला निघाले की कळशी माझ्या हातातून जायची. मामा बोलणं कामापुरतं करायचे. अंथरूण घालताना मी सवयीने भिंतीकडची जागा सोडायची, कारण प्रज्ञा लोळते. मग ती जागा तशीच राहायची. भरल्या घरात इतकं एकटं वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

पलीकडच्या आळीत माझ्याच वयाच्या एका बाईच्या अंगात यायचं. मंगळवारी बायका तिच्या पाया पडायच्या, तिला नारळ द्यायच्या, मग तिला कुणीतरी धरून घरी पोचवायचं. मला तिचा हेवा वाटायचा, हे सरळच सांगते. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात देवऋषी, लिंबू, अंगारा सगळं बंद. ते बंद आहे याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. पण भूत नाही, देवी नाही आणि आजारही सापडत नाही, म्हटल्यावर माझ्या नावापुढे उरला तो फक्त हलगर्जीपणा. तिला धरून पोचवणारे चारजण होते. मी शाळेतून एकटी घरी यायची आणि वाटेत वास येतोय का ते हुंगत चालायची.

ह्यांचा फोन आष्ट्याच्या एसटीडी बूथवर यायचा. मी रविवारी जाऊन बाकड्यावर बसून राहायची. लागला तर आवाज आगगाडी जातेय तसा. "छुट्टी मिळंना," हे म्हणायचे, "दादा म्हणत्यात तसं कर." वडिलांना हे दादा म्हणत. एकदा मी म्हटलं, मला फार एकटं वाटतं. पलीकडून फक्त खरखर आली आणि मग लाइन कट झाली. त्यांनी ऐकलं की नाही ते मी पुढेही कधी विचारलं नाही.

*

आष्ट्याच्या डॉक्टरांनी मला सांगलीला मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मामा बरोबर आले. बाईंनी मला बरंच विचारलं, वासाचं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "मेंदूचा आलेख काढू. डोक्याला तारा लावतात, शॉक वगैरे काही नसतो. मेंदूत आपोआप जी वीज चालू असते तीच फक्त कागदावर उतरते."

आलेखाच्या दिवशी सासूबाई लवकर उठल्या. "दवाखान्यात चाललीस, नीटनेटकी जा," म्हणून मला पुढ्यात बसवलं, खोबरेल कोमट केलं आणि डोक्यावर थापलं. बोटांनी मुळाशी जिरवलं, कानामागे चोळलं, मग घट्ट वेणी घातली. प्रज्ञा गेल्यापासून मला मायेने कुणी हात लावला नव्हता. मी डोळे मिटून बसले होते आणि हे लवकर संपू नये असं मला वाटत होतं.

आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञाने माझी वेणी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे काय करून आलात?"

"काय झालं?"

"डोकं सगळं तेलानं माखलंय. वाट्या चिकटणार कशा?"

वाट्या म्हणजे धातूच्या चिमुकल्या टोप्या, प्रत्येकीला एक तार. पांढऱ्या खळीने त्या डोक्याला चिकटवतात. त्याने स्पिरिटचे बोळे फिरवले, पुन्हा पुन्हा खळ लावली. पुढची बसवली की मागची घसरायची. यंत्रातल्या लेखण्या कागदावर वेड्यावाकड्या धावत होत्या, तिसरीतल्या पोराने वही रेघाटून टाकावी तशा. डोक्याला तेल नको हे आम्हांला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि परगावी जायचं तर बाईने तेल-वेणी केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत त्यांना सुचली नसावी.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटेपालटे केले. "यावरून मी काहीच सांगणार नाही. पुन्हा काढू. शाम्पूने दोनदा धुवून, कोरडे करून या."

परतीच्या गाडीत मामा म्हणाले, "मशिनीत बी काय घावलं न्हाई."

"तसं नाही मामा, आलेखच खराब आला."

"त्येच की." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "म्होरल्या टायमाला तुजी तू जा. मला काय त्यात समजत न्हाई."

घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून न्हाणीत जाऊन बसल्या. "माज्या हातानं घात झाला गं तुजा," एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांना समजावलं, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्या त्या बोटांची आठवणही येत होती.

*

दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी स्वतः दुकानातून शाम्पूच्या पुड्या आणल्या. त्यांनी आयुष्यात कधी पुडी फोडली नव्हती, दातांनी फोडताना अर्धी तोंडात गेली. दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं. माझे केस दाट आणि कमरेपर्यंत. तेलाशिवाय ते नुसते उडत होते. सैल दोरी बांधून मी एकटी गाडीत बसले, तर पहिल्याच वळणाला दोरी सुटली.

शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर भाजीची पाटी. तिने माझ्याकडे पाहिलं, पाटी जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं बाई?"

"कुणी नाही, आजी. दवाखान्यात चाललेय."

"मग डुईला त्याल का न्हाई?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." तिला पटलं नाही. तिने बराच वेळ माझ्या केसांकडे पाहिलं आणि सांगलीत उतरताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आसं व्हय. जा, सांभाळून." सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत, म्हणून तिची समजूत झाली होती की माझं कुणीतरी गेलंय आणि मी ते लपवतेय. तिच्या त्या हातामुळे मला स्टँडवर उभ्या उभ्या रडू आलं.

तंत्रज्ञाने या वेळी टेपने माझं डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या. एकेक वाटी जागच्या जागी बसली. मग त्याने मला खाटेवर झोपवलं आणि दिवा मंद केला.

"आता डोळे मिटा. झोपायचं नाही. काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

"मनात काय आणू?"

"काहीच नको. जबडा सैल सोडा. आणि रडू नका बरं का ताई. रडलं की कपाळाचे स्नायू हलतात, सगळं त्यातच बुडतं."

काही करायचं नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. आमच्याकडे बाई आजारी पडली तरी पडल्या पडल्या लसूण सोलते. मी हात सैल सोडले. पाऊस लागावा तसा लेखण्यांचा आवाज सुरू झाला. प्रज्ञा मनात आली. तिला मी ढकललं, ती परत आली. मला वाटलं, हे कागदावर दिसेल का? कुठल्यातरी रेघेत हिची लेक साताऱ्याला आहे हे कळेल का? मग दुसरी भीती. आजही काही दिसलं नाही तर? माणसाला आपल्याला आजार निघावा अशी इच्छा होते का? मला होत होती. मी तिथे निपचित पडून मनापासून ती इच्छा करत होते आणि रडू दाबत होते, कारण रडणंही आलेखात बसत नव्हतं.

*

डॉक्टरीणबाईंनी लांबलचक कागद टेबलावर पसरला. बऱ्याचशा रेघा शांत, झोपलेल्या. मग मध्येच तीन-चार रेघांना टोक, काट्यासारखं. थोडं पुढे पुन्हा. पुन्हा त्याच रेघांना.

"तुम्ही काहीही करत नव्हता तेव्हाही हे चालू होतं," त्या म्हणाल्या. "उजव्या कानाच्या वर, जरा आत. तिथून उठतंय. हे फेफरंच आहे, पण न पडणारं. वास येणं हीच त्याची सुरुवात."

"आतली जागा वरून कशी कळते?"

त्या हसल्या. "रस्त्यावर उभं राहून कुणाच्या घरात कांडण चाललंय ते ओळखायचं. चार ठिकाणी कान द्यायचा, कुठे आवाज मोठा, कुठे उलटा, त्यावरून अंदाज. परदेशात आता अशी यंत्रं निघाली आहेत म्हणे, डोक्याला तार लावायची गरजच नाही. मेंदूतल्या विजेमुळे भोवती अगदी बारीक चुंबकासारखा परिणाम होतो, तो बाहेरूनच टिपतात आणि हिशेब मांडून आतली जागा काढतात. माणूस नुसता स्वस्थ बसलेला असला तरी."

"म्हणजे तिथे तेल चालत असेल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. मी कितीतरी दिवसांनी हसले होते.

मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चष्मा काढला. "आणखी एक. गोळ्या नीट लागू पडेपर्यंत विस्तव आणि पाण्यापाशी एकटीनं जायचं नाही. लहान मूल आहे ना? त्याच्याजवळही एकटीनं नाही. कुणीतरी सोबत हवं. किती दिवस ते मी आज सांगू शकत नाही."

ज्या कागदासाठी मी एवढी धडपडले, त्यानेच माझ्या हातातून माझं मूल काढून घेतलं होतं. आजार सापडला होता. पण मामांनी जे भीतीने केलं तेच आता डॉक्टर सांगत होत्या.

माझ्यासारख्या वाचकांना इथेच सांगून टाकते. गोळ्यांनी मला सुरुवातीला चक्कर यायची, फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसायची. डोस कमीजास्त करावा लागला. मनाने गोळी कधीही बंद करू नका. मला आता वास येत नाही. गुऱ्हाळं लागली की येतो, तो सगळ्यांनाच येतो. आलेख काढायला जाताना केस धुवून जा, आणि गाडीत लोक काय विचारतात त्याची फिकीर करू नका. आणि सोबत कुणी येत नसेल तरी जा. एकटं जाणं वाईटच असतं, ते चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. पण जा.

*

परतताना गाडीत मी एकच विचार करत होते, घरी किती सांगायचं. आजार आहे एवढंच सांगितलं असतं तर मामा शब्दाला जागले असते, उद्याच्या उद्या प्रज्ञा घरी आली असती. सोबतीचं सांगितलं तर ती साताऱ्यालाच राहणार, कारण घरातली कामं सोडून दिवसभर माझ्यावर पहारा कोण करणार? आष्टा येईपर्यंत माझं ठरलं होतं की अर्धंच सांगायचं. मग तिच्या मांडीवरचे फोड आठवले आणि माझं धाडस गेलं.

मामा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वास, उजव्या कानाच्या वरची जागा, गोळ्या, विस्तव, पाणी आणि मुलाजवळ एकटीनं राहायचं नाही हेही.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंजे त्या दिशी पानी वतलंस, तवा तुला कायच कळत नव्हतं?"

"नाही मामा. मी तिथं नव्हतेच."

"आन् मी तुला ध्यान न्हाई म्हनलो."

ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले. जेवायला आले ते खाली मान घालून. सकाळी मी उठले तर ते घरात नव्हते. सासूबाईंनाही काही सांगून गेले नव्हते. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून कुठेतरी निघून गेले. मी शाळेत गेले, वर्ग घेतला, काय शिकवलं ते आठवत नाही.

दिवेलागणीला ते आले. खांद्यावर प्रज्ञा होती, अंगात वन्संनी शिवलेला नवा फ्रॉक, दोन बारक्या शेंड्या. इतक्या महिन्यांत ती अंगाने भरली होती. मामांनी तिला सोप्यात खाली ठेवलं, दारातलं पोतं ओढलं आणि उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून बसले.

"डाक्टरीन म्हनली न्हवं, कुनीतरी जवळ पायजे? मी हाय. चुलीपाशी, पान्यापाशी न्यायची न्हाई. बाकी ती तुजी. मी हितनं हलत न्हाई." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "घे तिला."

मी हात पुढे केले. प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली, शाळेत नव्या बाईंकडे मुलं बघतात तशी. मग मागे सरकली, मामांच्या गुडघ्याला चिकटली आणि ओठ काढून रडायला लागली. "मम्मी पायजे." आतेभावंडं वन्संना मम्मी म्हणायची, म्हणून तीही म्हणायला शिकली होती. "मला मम्मीकडं जायचंय."

मामा हलले नाहीत. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मी प्रज्ञाला उचलून घेतलं. ती पाय झाडत होती, माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी मम्मीला हाका मारत होती. मी तिला घेऊन भिंतीकडेला बसले आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तिला खाली ठेवलं नाही.